गाण्यावरचा दावा : तानसा परिसर आणि संगीताच्या मालकीचा इतिहास

ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यात तानसा नदीवर १८९२ मध्ये धरण पूर्ण झाले आणि तेव्हापासून या परिसराचे नाव मुंबईच्या पाण्याशी कायमचे जोडले गेले. ज्या काळात मुंबईने येथून पाणी नेले, त्याच काळात मुंबईत रंगभूमीचा, ध्वनिमुद्रणाचा आणि पुढे चित्रपटाचा व्यवसाय उभा राहिला. या व्यवसायाने शहापूर आणि शेजारच्या मुरबाड तालुक्यातील गावांना गाणी दिली आणि गाणे नेमके कोणाचे, हा प्रश्नही त्या गाण्यांमागोमाग येथवर येऊन पोहोचला. आज खर्डी, किन्हवली, सरळगाव किंवा टोकावडे येथील एखादा तरुण मोबाइलवर खेळलेल्या खेळाचे चित्रण यूट्यूबवर टाकतो आणि काही मिनिटांत त्यातील संगीतावर कोणा अनोळखी कंपनीचा ‘कॉपीराइट क्लेम’ येतो, तेव्हा ती घटना वरवर अगदी नवी वाटते. प्रत्यक्षात तिच्यामागे शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास उभा असतो. या इतिहासात प्रत्येक नव्या माध्यमाबरोबर संगीताचा मालक बदलत गेला, कायद्याने कधी निर्मात्याची तर कधी कलावंताची बाजू घेतली, आणि मालकीच्या दाव्याबरोबर त्या दाव्याला हरकत घेण्याचा अधिकारही मान्य केला. दाव्याचा अधिकार आज यंत्रामुळे अतिशय बळकट झाला आहे, हरकतीचा अधिकार मात्र कागदावर असूनही फारसा वापरला जात नाही, आणि या असमतोलाचे स्वरूप समजण्यासाठी मागचा क्रम पाहणे आवश्यक ठरते.

प्रसंगाशी बांधलेले संगीत

तानसा खोऱ्यापासून माळशेज घाटाच्या पायथ्यापर्यंतच्या या प्रदेशात कातकरी, ठाकूर, महादेव कोळी आणि वारली या आदिवासी समाजांबरोबर कुणबी आणि आगरी शेतकऱ्यांची वस्ती आहे, आणि या सर्वांच्या परंपरागत संगीताचे समान लक्षण असे की ते प्रसंगाशी बांधलेले असते. सुकवलेला भोपळा, बांबूच्या नळ्या, ताडाचे पान आणि मेण यांपासून केलेला वारल्यांचा तारपा भातपीक तयार होण्याच्या दिवसांत वाजू लागतो आणि वाजवणाऱ्याभोवती फेर धरून नाच चालतो. वारल्यांमध्ये लग्न लावण्याचा अधिकार धवलेरीकडे, म्हणजे विधीची गाणी गाऊन विवाह संपन्न करणाऱ्या स्त्रीकडे असतो. आगरी समाजात धवळे गाणाऱ्या धवळारिणीला असेच स्थान आहे. येथे गाण्याला मालक नसतो, परंतु गाणाऱ्याला निश्चित मान असतो, त्याबद्दल त्याला धान्य, वस्त्र किंवा पैसा मिळतो, आणि अमुक प्रसंगी अमुक गाणे कोणी म्हणायचे याचे संकेत समाज कसोशीने पाळतो. एकाची चाल दुसऱ्याने उचलली म्हणून भांडण होत नाही, कारण चाल उचलली जाणे हाच ती टिकण्याचा मार्ग असतो.

प्रताधिकाराचा, म्हणजे कॉपीराइटचा कायदा या व्यवस्थेला ओळखत नव्हता, आणि त्याचे कारण त्याच्या व्याख्येतच होते. भारतात कंपनी सरकारच्या काळात १८४७ मध्ये या विषयावरचा पहिला कायदा झाला, त्यानंतर इंग्लंडच्या १९११ च्या कायद्यावर आधारलेला १९१४ चा कायदा आला, आणि स्वतंत्र भारताचा १९५७ चा कायदा २१ जानेवारी १९५८ पासून लागू झाला. या १९५७ च्या कायद्यानेही आरंभी ‘संगीतकृती’ मानली ती छापलेली, लिहिलेली किंवा अन्य रीतीने चिन्हांकित केलेली स्वररचनाच. तारप्याची चाल कोणी कागदावर लिहीत नव्हते, त्यामुळे कायद्याच्या दृष्टीने ती संगीतकृतीच नव्हती. ही व्याख्या १९९४ च्या दुरुस्तीने बदलली आणि १० मे १९९५ पासून लिहून न ठेवलेले संगीतही कायद्याच्या कक्षेत आले. अर्थात कर्ता अज्ञात असलेल्या परंपरागत चालीला त्यामुळे मालक मिळाला नाही; मात्र संगीत म्हणजे कागदावरची खूण, ही समजूत भारतीय कायद्याने सोडायला विसाव्या शतकाचे अखेरचे दशक उजाडावे लागले, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

तबकडीने निर्माण केलेला मालक

मराठी समाजात संगीत विकत घेण्याची सवय आधी रंगभूमीने लावली. अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘संगीत शाकुंतल’ ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात रंगभूमीवर आले आणि नाट्यपदे ऐकण्यासाठी तिकीट काढणारा प्रेक्षक तयार झाला. परंतु पद ऐकून घरी जाऊन गुणगुणणाऱ्यावर कोणाचा दावा नव्हता. ही स्थिती १९०२ मध्ये बदलली. त्या वर्षी ग्रामोफोन कंपनीच्या वतीने फ्रेड गैसबर्ग यांनी कलकत्त्यात गौहर जान यांचे गायन मुद्रित केले, आणि १९०८ मध्ये कलकत्त्यातच तबकड्यांचा कारखाना सुरू झाल्यावर ध्वनिमुद्रण हा भारतातला स्थिर व्यवसाय झाला. तबकडीच्या शेवटी गायिका स्वतःचे नाव उच्चारत असे, कारण परदेशातील कारखान्यात तबकडी कोणाची हे ओळखण्याची ती सोय होती. संगीतावर ओळखचिन्ह लावण्याची आजची यंत्रणा या सोयीची दूरची वारस मानता येईल. सर्वच कलावंतांनी हे माध्यम स्वीकारले असे नाही, आणि जयपूर घराण्याचे अल्लादियाखाँ यांच्यासारख्या थोर गायकाने आपले गाणे तबकडीवर येऊ दिले नाही.

तबकडीमुळे एका गाण्यात तीन स्वतंत्र हक्क निर्माण झाले, आणि आजचे बहुतेक वाद हे तीन हक्क वेगळे न ओळखल्यामुळे गुंतागुंतीचे होतात. गाण्याचे शब्द ही साहित्यकृती, चाल ही संगीतकृती आणि त्यांचे प्रत्यक्ष मुद्रण हे ध्वनिमुद्रण, अशी कायद्याची मांडणी आहे. शब्दांचा आणि चालीचा हक्क कर्त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो, तर ध्वनिमुद्रणाचा हक्क ते प्रसिद्ध झाल्याच्या पुढील वर्षापासून ६० वर्षे चालतो. म्हणून एखाद्या जुन्या तबकडीचा हक्क संपलेला असतानाही तिच्यातील चालीचा हक्क शिल्लक असू शकतो, आणि उलट, कोणाचाही हक्क नसलेली परंपरागत चाल एखाद्या कंपनीने नव्याने मुद्रित केली तर त्या मुद्रणापुरता हक्क त्या कंपनीला मिळतो. लग्नात पिढ्यान्‌पिढ्या म्हटल्या जाणाऱ्या गाण्यावर आज जो दावा दिसतो, तो बहुधा या तिसऱ्या हक्कातून आलेला असतो, आणि तो त्या विशिष्ट मुद्रणापलीकडे जाऊ शकत नाही.

कलावंताचा वाटा

मुंबईत १९२७ मध्ये रेडिओ केंद्र सुरू झाले, त्यानंतर बोलपट आला, आणि संगीताचा सर्वांत मोठा ग्राहक चित्रपटनिर्माता झाला. रेल्वे १८६१ मध्येच कसाऱ्यापर्यंत पोहोचलेली असल्याने शहापूरचा पट्टा मुंबईच्या बाजाराशी जोडलेला होता, तर रेल्वेपासून दूर असलेल्या मुरबाडला जत्रा आणि बाजार हेच गाण्यांचे प्रवेशद्वार होते. गुरांच्या बाजारासाठी प्रसिद्ध असलेली म्हसा येथील पौष पौर्णिमेची यात्रा त्यांपैकी प्रमुख होय. ऐकणाऱ्याला गाणे गायकाच्या नावाने माहीत असे, परंतु गायकाला त्याच्या पुढील विक्रीतून काही मिळत नसे. लता मंगेशकर यांनी १९६० च्या दशकात रॉयल्टीचा, म्हणजे विक्रीतील चालू वाट्याचा प्रश्न उघडपणे मांडला. मानधन मिळाल्यावर गायकाचा हक्क संपतो असे महंमद रफी यांचे मत होते, आणि या मतभेदामुळे दोघांनी काही वर्षे एकत्र गाणे थांबवले. गीतकार आणि संगीतकारांचे हक्क सांभाळण्यासाठी १९६९ मध्ये इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी, म्हणजे आयपीआरएस, स्थापन झाली. ध्वनिमुद्रण कंपन्यांची फोनोग्राफिक परफॉर्मन्स लिमिटेड ही संस्था १९४१ पासूनच अस्तित्वात होती, यावरून कोण अधिक लवकर संघटित झाले हे स्पष्ट होते.

आयपीआरएसच्या प्रयत्नांना १९७७ मध्ये मोठा धक्का बसला. सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की निर्मात्याने मोबदला देऊन करवून घेतलेल्या संगीताचा पहिला मालक, विरुद्ध करार नसल्यास, निर्माताच होय. याच निकालाला जोडलेल्या टिपणीत न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी गायकाच्या कलेला कायद्यात स्थान नसल्याबद्दल खंत व्यक्त केली आणि दुरुस्तीची गरज दाखवून दिली. ती दुरुस्ती येईपर्यंत कॅसेटचे युग सुरू झाले होते. स्वस्त कॅसेटमुळे एका मोठ्या कंपनीची मक्तेदारी मोडली, टी-सीरिजसारख्या नव्या कंपन्या १९८० च्या दशकात उभ्या राहिल्या, आणि कोळीगीते, भीमगीते, भजने आणि लग्नाची गाणी यांना प्रथमच मोठा बाजार मिळाला. ग्रामीण गायकाचा आवाज दूरवर गेला, ही या काळाची मोठी देणगी होती; परंतु एकरकमी पैसे घेऊन सर्व हक्क लिहून देण्याची पद्धतही याच काळात दृढ झाली, आणि ज्या चालींना कधी मालक नव्हता त्यांच्या मुद्रणांना आता मालक मिळाले. कलावंताच्या बाजूने पहिले पाऊल १९९४ च्या दुरुस्तीने, सादरकर्त्याचे हक्क मान्य करून, टाकले. जावेद अख्तर यांनी राज्यसभेत ज्या प्रश्नाचा सातत्याने पाठपुरावा केला, तो २०१२ च्या दुरुस्तीने बऱ्याच अंशी सुटला. २१ जून २०१२ पासून गीतकार आणि संगीतकार यांचा रॉयल्टीतील समान वाटा असा ठरला की तो चित्रपट किंवा ध्वनिमुद्रण कंपनीला लिहून देताच येत नाही. आयपीआरएसची या नव्या चौकटीत २०१७ मध्ये पुन्हा नोंदणी झाली. अशा रीतीने दीर्घ संघर्षानंतर कष्ट करणाऱ्याला न्याय देणारा कायदा तयार झाला, आणि त्यामुळेच प्रताधिकाराला केवळ कंपन्यांचे हत्यार समजणे हे अन्यायाचे ठरेल.

यंत्राने केलेला दावा

कायद्याची ही वाटचाल चालू असतानाच निर्णय घेण्याची जागा मात्र बदलली. यूट्यूब २००५ मध्ये सुरू झाले, २००६ मध्ये गूगलने ते विकत घेतले, आणि २००७ मध्ये त्यावर ‘कॉन्टेंट आयडी’ ही व्यवस्था आली. हक्कदार कंपनी आपले मूळ ध्वनिमुद्रण या व्यवस्थेला देते, यंत्र त्या ध्वनीची एक गणिती ओळख तयार करून ठेवते, आणि प्रत्येक नव्या व्हिडिओतील आवाज त्या ओळखीशी ताडून पाहते; जुळणी झाली की कंपनीच्या पूर्वसूचनेनुसार व्हिडिओ अडवला जातो, किंवा त्याच्या जाहिरातीचे उत्पन्न कंपनीकडे वळवले जाते, किंवा केवळ त्याची नोंद ठेवली जाते. येथे एक महत्त्वाचा भेद समजून घेतला पाहिजे. असा ‘क्लेम’ ही कायद्याची नोटीस नसते, ती त्या मंचाच्या करारातील व्यवस्था असते. ‘स्ट्राइक’ मात्र व्हिडिओ काढून टाकण्याच्या कायदेशीर मागणीतून येतो, आणि त्याच्यामागे अमेरिकेचा १९९८ चा डिजिटल मिलेनियम कॉपीराइट कायदा असतो. ९० दिवसांच्या आत तीन स्ट्राइक बसले तर संपूर्ण चॅनेल बंद होऊ शकते, म्हणून क्लेम आणि स्ट्राइक यांना एकच मानणे धोक्याचे असते.

गेमिंग व्हिडिओ, म्हणजे खेळ खेळताना पडद्याचे चित्रण करून त्यावर स्वतःचे बोलणे जोडलेला व्हिडिओ, या व्यवस्थेत विशेष सापडतो, कारण त्यातील आवाज एकसंध नसतो. खेळाचे स्वतःचे पार्श्वसंगीत असते, ‘ग्रँड थेफ्ट ऑटो’सारख्या खेळांत गाडीच्या रेडिओवर वाजणारी खरी, परवाना घेऊन वापरलेली गाणी असतात, आणि खेळ बनवणाऱ्या कंपनीचा परवाना खेळापुरता असतो, खेळाडूच्या व्हिडिओपुरता नसतो. डिसेंबर २०१३ मध्ये यूट्यूबने आपली तपासणी वाढवली तेव्हा जगभरातील गेमिंग चॅनेलांवर एकाच वेळी असंख्य दावे आले, आणि खेळ बनवणाऱ्या कॅपकॉम, युबिसॉफ्ट यांसारख्या कंपन्यांनीच व्हिडिओकारांना या दाव्यांना आव्हान देण्यास सांगितले, कारण दावे अनेकदा त्यांच्या वतीने नव्हे तर संगीताचे वितरण करणाऱ्या तिसऱ्याच पक्षाकडून आलेले होते. ट्विच या थेट प्रक्षेपणाच्या मंचावर २०२० मध्ये जुन्या चित्रणांतील संगीतामुळे मोठ्या प्रमाणावर व्हिडिओ काढले गेले. त्याच वर्षाअखेरीस आलेल्या ‘सायबरपंक २०७७’ या खेळात परवान्याची गाणी बंद करण्याची सोय मुद्दाम देण्यात आली. खेळ घडवणाऱ्यांनाही हा प्रश्न तेव्हा टाळता येईनासा झाला होता.

दाव्याचा दुरुपयोगही नोंदला गेला आहे. अमेरिकेच्या नेब्रास्का राज्यातील एका इसमाने ‘माइनक्राफ्ट’ या खेळाचे व्हिडिओ करणाऱ्यांवर खोटे स्ट्राइक टाकून पैसे मागितले, तेव्हा २०१९ मध्ये यूट्यूबने स्वतः त्याच्यावर दावा लावला आणि प्रकरण भरपाई व माफीने मिटले. दुसऱ्या प्रकरणात, इतरांच्या हजारो गाण्यांवर खोटी मालकी सांगून २ कोटी डॉलरहून अधिक रॉयल्टी गोळा केल्याबद्दल २०२१ मध्ये अमेरिकेत दोघांवर आरोपपत्र दाखल झाले. यंत्र ध्वनी ओळखते, परंतु ध्वनी देणारा खरा मालक आहे का, हे त्याला ओळखता येत नाही, हे या प्रकरणांनी दाखवून दिले.

शहापूर-मुरबाडची विशेष अडचण

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू होऊन मोबाइल डेटा स्वस्त झाला, २०१८ मध्ये पबजीचा मोबाइल अवतार आला, आणि संगणक कधी न घेतलेल्या घरांतील मुलांच्या हातात खेळ आणि चित्रण ही दोन्ही साधने एकाच वेळी आली. पबजीवर २ सप्टेंबर २०२० रोजी बंदी आली, बीजीएमआय या नावाने तो खेळ जुलै २०२१ मध्ये परतला, वर्षभराने पुन्हा हटवला गेला आणि मे २०२३ मध्ये पुन्हा मिळू लागला. या घडामोडींतही गेमप्लेचे व्हिडिओ आणि लाइव्ह करण्याची आवड टिकून राहिली. मुंबईतला व्हिडिओकार बंद खोलीत, चांगल्या माइकने मुद्रण करू शकतो. तानसा परिसरातील घर मात्र उघडे असते. हळदीचा डीजे, बेंजोचे पथक, गणपतीच्या मंडळाचा भोंगा यांचा आवाज मोबाइलच्या माइकमध्ये आपसूक शिरतो, आणि यंत्राला तो मुद्दाम लावलेल्या गाण्यापेक्षा वेगळा वाटत नाही.

येथे कायद्याचीही एक खुबी आहे. १९५७ च्या कायद्यातील कलम ५२ नुसार धार्मिक समारंभात वाजवलेले संगीत हे उल्लंघन ठरत नाही, आणि लग्नाची वरात व लग्नाशी निगडित इतर सामाजिक सोहळे यांचा त्यात समावेश आहे. केंद्र सरकारने जुलै २०२३ मध्ये या तरतुदीची जाहीर आठवणही करून दिली. गोवा सरकारने याच आधारावर जानेवारी २०२४ मध्ये काढलेले परिपत्रक मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये रद्द केले, त्यामुळे सवलत कायद्याच्या शब्दांपुरतीच राहते, तिची व्याप्ती शासकीय परिपत्रकाने वाढवता येत नाही, हे स्पष्ट झाले. ही सवलत मांडवातील वादनाला आहे. तेच गाणे पलीकडच्या घरात चाललेल्या गेमिंग व्हिडिओत मुद्रित होऊन जगभर प्रसारित झाले, तर ती सवलत त्याच्या मागोमाग जाते असे मानता येत नाही. म्हणून मांडवात निर्दोष असलेला ध्वनी व्हिडिओत दाव्याचा विषय होतो.

हरकतीचा मार्ग

क्लेम आल्यावर व्हिडिओकारापुढे अनेक वाटा असतात. गाण्याचा तुकडा कापणे, तेवढ्या भागाचा आवाज बंद करणे किंवा यूट्यूबच्या मोफत संग्रहातील दुसरे संगीत लावणे, या सोप्या वाटा आहेत आणि दावा खरा असेल तर त्याच योग्य आहेत. दावा चुकीचा असेल तर ‘डिस्प्यूट’, म्हणजे लेखी हरकत घेता येते; ती घेताना संगीत स्वतःचे आहे, त्याचा परवाना आहे, त्याचा प्रताधिकार संपलेला आहे, किंवा वापर कायद्याच्या अपवादात बसतो, यांपैकी कारण सांगावे लागते. दावेदाराला उत्तरासाठी ३० दिवस मिळतात, आणि त्याने उत्तर दिले नाही तर दावा आपोआप संपतो. त्याने दावा कायम ठेवला तर अपील करता येते, आणि २०२२ पासून अपिलाला उत्तर देण्याची मुदत ७ दिवस झाली आहे. तेव्हा दावेदाराला एक तर माघार घ्यावी लागते किंवा व्हिडिओ काढण्याची कायदेशीर मागणी करावी लागते, आणि त्या मागणीतून स्ट्राइक बसू शकतो. क्लेम आल्यापासून ५ दिवसांच्या आत हरकत घेतली तर पहिल्या दिवसापासूनचे उत्पन्न निकालापर्यंत राखून ठेवले जाते, म्हणून विलंबाने नुकसान होते. स्ट्राइकला प्रतिसूचनेने उत्तर देता येते. त्यानंतर दावेदाराने १० कामकाजी दिवसांत न्यायालयात गेल्याचा पुरावा दिला नाही तर व्हिडिओ परत येतो. परंतु प्रतिसूचनेत खरे नाव, पत्ता आणि अमेरिकेतील न्यायालयाची अधिकारिता मान्य असल्याचे लिहून द्यावे लागते, आणि मुरबाडच्या तरुणाला घाबरवून मागे हटवण्यास एवढी एक अट पुरेशी होते.

या व्यवस्थेचा मूळ दोष असा की पहिल्या दोन पायऱ्यांवर हरकतीचा निर्णय दावेदार स्वतःच करतो. यूट्यूबच्याच अहवालानुसार २०२१ च्या पहिल्या सहा महिन्यांत ७२ कोटींहून अधिक दावे झाले, त्यांपैकी एक टक्क्याहूनही कमी दाव्यांना, म्हणजे सुमारे ३७ लाख दाव्यांना आव्हान दिले गेले, आणि आव्हान दिलेल्यांपैकी ६० टक्के प्रकरणे व्हिडिओकाराच्या बाजूने सुटली. उरलेले सर्व दावे खरे होते असे या आकड्यांवरून म्हणता येत नाही. हरकत घेणाऱ्याला निम्म्याहून अधिक वेळा यश मिळते आणि तरीही हरकत घेणारे अत्यल्प आहेत, एवढे मात्र त्यांतून निर्विवाद दिसते.

भारतीय कायद्याने या बाबतीत अधिक समतोल भूमिका घेतली आहे. टी-सीरिजने मायस्पेस या संकेतस्थळाविरुद्ध लावलेल्या दाव्यात दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने २०१६ मध्ये असे ठरवले की मंचाला जबाबदार धरायचे तर हक्कदाराने उल्लंघनाची नेमकी माहिती दिली पाहिजे, मोघम तक्रार पुरेशी नाही. २०१३ च्या प्रताधिकार नियमांतील नियम ७५ नुसार तक्रार आल्यावर मजकूर २१ दिवस रोखता येतो, आणि तेवढ्या काळात तक्रारदाराने न्यायालयाचा आदेश आणला नाही तर तो मजकूर पुन्हा उपलब्ध करण्यास मंच मोकळा असतो. निराधार धमकी देणाऱ्याविरुद्ध दाद मागण्याची सोय कलम ६० मध्ये आहे. त्याचबरोबर, भारतात ‘न्याय्य वापर’ हा समीक्षा, अभ्यास, वृत्तांकन अशा ठरावीक हेतूंपुरता आहे. दहा सेकंदांपेक्षा कमी गाणे चालते किंवा गायकाचे नाव लिहिले की परवानगी लागत नाही, या प्रचलित समजुतींना कायद्यात आधार नाही, आणि अशा समजुतीवर घेतलेली हरकत टिकत नाही.

जमिनीचा दावा आणि गाण्याचा दावा

तानसा परिसरातील समाजाला दावा, पुरावा आणि अपील ही प्रक्रिया अपरिचित नाही. तानसा अभयारण्य १९७० मध्ये जाहीर झाले, आणि जंगलात पिढ्यान्‌पिढ्या कसणाऱ्या कुटुंबांना आपला हक्क सिद्ध करण्याची कायदेशीर वाट २००६ च्या वनहक्क कायद्याने दिली. त्या कायद्यात दावा ग्रामसभेपुढे मांडला जातो, ग्रामसभेच्या निर्णयाविरुद्ध ६० दिवसांत उपविभागीय समितीकडे आणि तेथून पुढे जिल्हा समितीकडे जाता येते, आणि बाधित व्यक्तीला म्हणणे मांडण्याची संधी दिल्याशिवाय तिच्याविरुद्ध निर्णय करता येत नाही. नियम १३ नुसार गावातील वडीलधाऱ्यांचे लेखी घेतलेले निवेदन हाही पुरावा असतो. या व्यवस्थेची अंमलबजावणी कितीही संथ असली तरी तिच्यात तीन गोष्टी आहेत: निर्णय करणारा दावेदाराहून वेगळा असतो, ऐकून घेणे सक्तीचे असते, आणि कागदाबाहेरच्या स्मृतीलाही स्थान असते. संगीताच्या ऑनलाइन दाव्यात पहिल्या टप्प्यांवर या तिन्ही गोष्टी नसतात. आजीच्या तोंडून ऐकलेली चाल अमुक कंपनीच्या कॅसेटपेक्षा जुनी आहे, हे सांगणारी वृद्ध स्त्री गावात असते, परंतु तिचे म्हणणे नोंदवण्याची जागा त्या मंचावरील हरकतीच्या अर्जात नसते.

म्हणूनच या इतिहासाचा निष्कर्ष दुहेरी आहे. संगीतावरचा हक्क हा कलावंतांनी अर्धशतक झगडून मिळवलेला हक्क आहे, आणि दुसऱ्याचे गाणे परवानगीशिवाय वापरणाऱ्या व्हिडिओकाराने त्याचा आदर केलाच पाहिजे. परंतु न ऐकता लादलेला दावा हा कायद्याने कधीही मान्य केलेला हक्क नाही, मग तो यंत्राने केलेला असो वा कंपनीने. शहापूर आणि मुरबाडच्या तरुण व्हिडिओकारांनी खेळातील गाणी बंद ठेवून मुद्रण करावे, वापरलेल्या संगीताचा परवाना आणि मूळ चित्रण जपून ठेवावे, खरा दावा मुकाट्याने मान्य करावा, आणि चुकीच्या दाव्याला पाच दिवसांच्या आत, कारण आणि पुराव्यानिशी, लेखी हरकत घ्यावी. परिसरातील महाविद्यालये, वाचनालये आणि ग्रामपंचायती यांनी धवलेरी, धवळारीण आणि तारपावादक यांच्या परंपरागत गाण्यांची तारीख, ठिकाण आणि गाणाऱ्याच्या संमतीसह मुद्रणे करून ठेवली, तर उद्या त्या गाण्यांवर कोणी मालकी सांगितली असता गावाकडे दाखवण्यासारखा पुरावा असेल. वारली चित्रकलेला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले ते संघटित प्रयत्नांमुळे मिळाले. संगीताच्या बाबतीत तसा प्रयत्न अद्याप व्हायचा आहे, आणि तो करण्याची जबाबदारी याच परिसरातील शिकलेल्या पिढीची आहे.